कण्हणारा भोंगा आणि अध्यक्षांची गोधडी

“हलू नको व! आता कण्हन पाह्य!”

श्रावणनं शकुनचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की तिच्या बांगड्या हातात रुतत होत्या. विहाराच्या बुटक्या भिंतीवर तिघं ओळीनं बसली होती. तेरा वर्षांची शकुन आजच दुपारच्या एस.टी.नं अकोल्याहून सुट्टीला आली होती. श्रावण तिचा मावसभाऊ, बारा वर्षांचा आणि बाराही महिने बडबड्या. त्याची धाकटी बहीण पंचफुला मात्र बोलायची कमी आणि मोजायची जास्त. आत्ताही तिच्या ओच्यात चिंचोके होते आणि प्रत्येक गाणं संपलं की ती एक चिंचोका भिंतीवर मांडत होती.

“कोण कण्हेल?” शकुननं विचारलं.

“भोंगा!”

“भोंगा कसा कण्हेल बे? त्याला काय ताप येतो?”

“हास, हास! ऐकशीन तवा दात बसतीन तुये!”

समोर कडूलिंबाच्या दुबेळक्यात तो भोंगा बांधलेला होता. त्याचं रुंद तोंड पूर्णा नदीकडे होतं. त्रेसष्ट सालचा वैशाख. दिवस मावळला तरी झाडाचं पान हलत नव्हतं, आणि काळी जमीन भेगा वासून गरम श्वास सोडत होती. धामणखेडात वीज येऊन वर्षच झालं होतं. विजेमागोमाग वस्तीनं हौसेनं अ‍ॅम्प्लिफायर आणला, माईक आणला, हा भोंगा आणला. बुद्धजयंती चार दिवसांवर आली होती. दहा गावचे लोक येणार, म्हणून रोज संध्याकाळी गाण्यांची तालीम चाले.

पंचफुलानं बारावा चिंचोका ठेवला. मग श्रावणची आई, चतुराबाई, माईकपुढं उभी राहिली. तेरावं आणि शेवटचं गाणं तिचं, हा वस्तीचा पंधरा वर्षांचा रिवाज. ती शकुनच्या आईची थोरली बहीण, म्हणून शकुन तिला मोठीमाय म्हणायची. दिवसभर उन्हात वेचणी-खुरपणी करणारी बाई, पण गायला लागली की माणसं हातातला विडासुद्धा खाली ठेवत. तिचा आवाज उठला, नदीपलीकडे गेला, आणि शकुनच्या अंगावर शहारा आला.

आणि मग ते सुरू झालं.

“हूंऽऽऽऽ…”

पहिल्यांदा वाटलं, दूर कुठं मोट चालू आहे. मग ते वाढलं. तोंड मिटून, पोटातून कुणी माणूस कण्हावा तसं. चतुराबाई श्वास घ्यायला थांबली, तरी ते थांबेना. उलट तिच्या गप्प राहण्यात ते अधिकच मोठं झालं. पुढं बसलेल्या बायांनी पोरं पदराखाली घेतली. चतुराबाईनं पुन्हा सूर उचलला.

तेवढ्यात फट्‌कन दिवा गेला! साऱ्या गावचीच वीज गेली. कण्हणं कुणी गळा दाबावा तसं तुटलं. पण, अरे बापरे! चतुराबाईचा आवाज भोंग्यातून येतच राहिला! वीज नाही, दिवा नाही, आणि अंधारात भोंगा गातो आहे. एक श्वासभर, दोन श्वासभर… बारीक होत होत तो विरला.

मग जी पळापळ झाली म्हणता! चपला तिथंच, सतरंज्या तिथंच, माणसं घरात. शकुनचे दात खरंच बसले होते. श्रावणनं मात्र ‘सांगितलं होतं ना’ असं काही म्हटलं नाही. तो भोंग्याकडे टक लावून पाहत होता.

“लोक म्हंतात, माया बाबा हाये त्याच्यात,” तो हळूच म्हणाला.

श्रावणचे वडील बुधाजी, शकुनचे मोठेबाबा, तीन वर्षांपूर्वी गेले होते. चतुराबाई गायची तेव्हा मागं तुणतुणं धरायचे ते.

घरी चुलीपुढं बसून चतुराबाई भाकरी थापत होती. तिचे हात नेहमीसारखे चालत होते, पण नजर जाळावर खिळली होती. दारात खाकरण्याचा आवाज आला. विहार कमिटीचे अध्यक्ष देवीदासजी आत आले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि बोलणं सभेत बोलतात तसं.

“चतुराबाई, आपण भूतबीत मानत नाई,” ते म्हणाले. “दीक्षा घेतली आपण. भूत नाईच! पन दहा गावचे लोक येऊन राहिले. तवा त्या नसलेल्या भुतानं जयंतीत गडबड केली, तं माया मान कुठी राहीन?”

“नसलेलं भूत गडबड कसं करेल, काका?” शकुननं विचारलं.

“तू गप व! शहरातली पोट्टी!”

चतुराबाईनं भाकरी उलटली. “मी नाई गात, देवीदासजी. चिंता नोका करू.”

देवीदासजी सुटलो बुवा अशा चेहऱ्यानं निघून गेले. श्रावण उसळला, “काहून नाई गात, माय?”

“त्याईले तरास होते रे,” ती म्हणाली. “ऊन लागून पडले होते तवा दोन दिवस असेच कण्हत होते. तोंड मिटून, अश्शेच. मी गाते अन् ते कण्हतात. मंग मी काहून गाऊ? आता कदीच नाई गायची.”

त्यानंतर घरात कुणी जेवलं नाही म्हटलं तरी चालेल. मोठीमायनं गाणं सोडायचं म्हणजे पूर्णेनं वाहणं सोडल्यासारखं! आणि तेही एका भोंग्यापायी?

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना तिला जाग आली. मोठीमायचं अंथरूण रिकामं होतं. शकुन दाराशी आली आणि जागच्या जागी थिजली. राखाडी उजेडात लिंबाखाली चतुराबाई एकटीच उभी होती आणि वर पाहून बोलत होती.

“पानी ठेवलं जी. प्या.”

भोंग्याचं काळं तोंड वरून तिच्याकडे पाहत होतं. झाडाच्या बुंध्याशी पाण्यानं भरलेला पितळी लोटा होता. वारा नव्हता, तरी शकुनला उगाचच वाटलं की भोंगा आत्ता उत्तर देईल. तिनं पाय ओढत पुढं जाऊन मोठीमायचा हात धरला. हात थंडगार होता.

“मोठीमाय, भूत नसतं ना?”

“नसते व बाई. मले माईत हाये.” चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले. “पन तहान तं असते ना?”

त्याच क्षणी तिनं मनाशी ठरवलं, की जयंतीच्या आत या भोंग्याचं पोट उघडं करायचंच!

आता हे ठरवायला तिच्याकडे थोडाफार आधार होता बरं का. अकोल्यात जठारपेठेत शकुनच्या घरासमोर भगवंतरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की शकुन तिथं स्टुलावर बसून पक्कड दे, स्क्रू दे, तारा सांधायला डाग द्यायचं कथील दे, असं करत राही. भगवंतरावांचे बोल तिला पाठ झाले होते.

“ऐका,” ती दुपारी दोघांना म्हणाली. तिघं विहाराच्या सावलीत चिंचा चोखत बसली होती. “काल वीज गेली तेव्हा आधी काय थांबलं?”

“माया जीव!” श्रावण म्हणाला.

“कण्हणं,” पंचफुला म्हणाली. “कण्हणं थांबलं. मायचं गाणं मागून थांबलं.”

“बरोबर! मोठेबाबा भोंग्यात असते, तर वीज गेल्यावर ते उरायला हवे होते. पण कण्हणंच आधी तुटलं! म्हणजे जे कण्हत होतं ते वीज खाणारं होतं. गाणं दोन श्वास उरलं, कारण डब्याच्या पोटात थोडी वीज साठलेली असते. भगवंतराव म्हणतात, बटण बंद केलं तरी त्या डब्यात हात घालायचा नाही, तो झटका देतो.”

“मंग चाल, डबाच पाहू!”

डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. तो विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत, एका स्टुलावर, चक्क गोधडी पांघरून बसला होता! चांगली चार पदरी, लाल-हिरव्या तुकड्यांची, चारी बाजूंनी सुतळीनं आवळलेली गोधडी. शेजारी ऑपरेटर देवमन पोत्यावर घोरत होता.

“देवमनभाऊ, याला थंडी वाजते का?” शकुननं त्याला हलवून विचारलं.

“अं? थे होय… अध्यक्षाची गोधडी. धूळ नाई गेली पायजे म्हंतात. वस्तीची वस्तू हाये, लेकरावानी जपा म्हंतात.” आणि देवमन कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

त्या संध्याकाळी चतुराबाई आली नाही. लोकही धास्तावलेले. आठ गाणी कशीबशी उरकली आणि सगळे उठले. भोंगा एकदाही कण्हला नाही!

“पाह्यलं?” देवीदासजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “चतुराबाई नाई, तं कण्हनं नाई!”

माना डोलल्या. श्रावणनं मुठी आवळल्या. शकुनचाही धीर सुटला. खरंच की! आता काय बोलायचं? एवढ्यात पंचफुलानं तिचा परकर ओढला आणि मूठ उघडून दाखवली.

“शकुनताई, आठच.”

“काय आठच?”

“चिंचोके. रोज माय तेरावी असते. आज तेरावं गानंच नाई झालं.”

शकुननं तिला उचलून गरकन फिरवलं. “अगं पंचे! तू तर माझी गुरू निघालीस!”

“काय झालं? मले सांगा ना!” श्रावण नाचायला लागला.

“अरे, तो मोठीमायच्या गाण्यावर कण्हतच नाही. तो तेराव्या गाण्यावर कण्हतो! मग ते कुणाचं का असेना!”

“मंग कोन गाईन तेरावं? लोक तं पळून राहिले.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात असं एकच माणूस होतं, ज्याला गायला सांगितलं की थांबवायला चार माणसं लागत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ गाणी झाली आणि लोक चुळबुळ करू लागले, तशी शकुन अध्यक्षांपुढं जाऊन उभी राहिली.

“काका, अकोल्यात सगळे म्हणतात, धामणखेडात देवीदासजींसारखा गळा नाही. मी तर ऐकलाच नाही.”

“असं म्हंतात?” देवीदासजींनी उपरणं सावरलं. “कोन म्हंते?”

“जठारपेठेत!” श्रावणनं मागून ठोकून दिलं.

झालं! देवीदासजी माईकपुढं गेले ते गेलेच. नववं गाणं. दहावं. अकरावं. त्यांचा सूर म्हणजे, आता मोठ्यांबद्दल काय बोलावं, रहाटाला तेल नसलं की कसा आवाज येतो, तसा होता. पंचफुला चिंचोके मांडत होती. बारावं. शकुन देवमनच्या बाजूला जाऊन बसली होती. आपलं चुकलं तर? मोठीमायचं गाणं कायमचं गेलं तर?

देवीदासजींनी तेरावं गाणं उचललं. डोळे मिटून, हात पसरून त्यांनी वरचा सूर लावला.

“हूंऽऽऽऽ…”

देवीदासजींनी डोळे उघडले. आवाज अगदी त्यांच्या पाठीशी आल्यासारखा होता. ते वळले. मागं कुणीच नव्हतं, फक्त लिंब आणि त्याच्या फांदीतलं ते काळं तोंड.

“हूंऽऽऽऽऽऽ…”

“बाप्पा रे! मले नोको धरू, बुधाजी! मी नाई तुयं नाव घेतलं!” अध्यक्ष ओरडले, आणि ते सगळं माईकमधून पूर्णेपलीकडे ऐकू गेलं. टोपी एकीकडे, उपरणं एकीकडे, आणि अध्यक्ष थेट विहाराच्या खांबाला मिठी मारून उभे! पळायला निघालेली माणसं ते पाहून थबकली.

शकुनला हसायला वेळ नव्हता. तिनं आवाजाचं बटण शून्यापर्यंत पिळलं. अध्यक्षांचं बोंबलणं भोंग्यातून नाहीसं झालं. कण्हणं मात्र तसंच! तिनं माईकची तार उपसली. तरी तसंच!

“ऐका!” ती उभी राहून ओरडली. “माईक नाही, आवाज शून्यावर, तरी हा कण्हतो! म्हणजे गाणाऱ्यात काही नाही. खोड याच्या पोटात आहे!” आणि तिनं सुतळी सोडून गोधडी खेचली.

आतून भसकन गरम वाफारा आला. जळक्या मेणाचा वास आला. डबा तव्यासारखा तापला होता. देवमननं घाईनं बटण बंद केलं आणि बोटं झटकत म्हणाला, “हाय माय! याच्यावर तं भाकर शेकन!”

लोकांमागं, अंधाराच्या कडेला, चतुराबाई उभी होती. भोंग्याचं कण्हणं ऐकून ती आली होती. पहिल्यांदाच तिची नजर भोंग्यावरून उतरून त्या डब्यावर आली होती.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं देवमन आणि तिघा पोरांची वरात अकोल्याला निघाली. डबा देवमनच्या मांडीवर, आणि सवयीनं पुन्हा गोधडीत! उद्या जयंती होती. भगवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी हकीकत ऐकली. मग त्यांनी डबा उघडायचं सोडून भलतंच मागितलं.

“आणा इकडं ती गोधडी!”

“काहून जी?” देवमन बुचकळ्यात पडला.

“दुखणं दिसल्याशिवाय औषध कसं देऊ? इथं थंड असताना तो शहाण्यासारखा वागेल.”

त्यांनी डबा गोधडीत गुंडाळला, दुकानातला एक भोंगा त्याला जोडला, डबा चालू केला, आणि चहा मागवला. तास होऊन गेला. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. दुकानात अर्धा अंधार, भिंतीवर उघडे रेडिओ, त्यांच्या आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवर साचलेली धूळ. आणि त्या शांततेत, टेबलावरच्या भोंग्यातून, तो आला.

“हूंऽऽऽ…”

ठाऊक असूनही श्रावण शकुनला चिकटला. भर दुपारी, भर जठारपेठेत, त्याचा बाबा कण्हत होता.

भगवंतरावांनी वीज बंद केली, तार भिंतीतून काढली आणि डबा उघडला. “हात मागं सगळ्यांनी!” त्यांनी एका छोट्या बल्बच्या दोन तारा आतल्या एका नळकांड्याच्या पायांना लावल्या. कुठंच न जोडलेल्या त्या बल्बात क्षणभर निखारा फुलला आणि विझला. पंचफुलानं डोळे विस्फारले.

“हा कंडेन्सर. याच्या पोटात वीज साठते. आता रिकामा झाला. शकुन, पाहा बरं काय दिसतं?”

शकुन वाकली. नळकांडं फुगलं होतं, मेण ओघळलं होतं. आणि त्याचा एक पाय…

“याला डागच दिलेला नाही! तार नुसती पिळून बांधलीय!”

भगवंतरावांनी हळूच देवमनकडे पाहिलं. देवमननं छताकडे पाहिलं.

“दिवाळीत तुटली होती जी,” तो अखेर पुटपुटला. “कथील नव्हतं. म्या म्हनलं, पीळ बी मजबूत हाये…”

“हिवाळ्यात मजबूत! आता वरून गोधडी, आतून तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हची आग. तेरावं गाणं येईतो डबा तापला की पीळ ढिला, कंडेन्सर बाहेर, आणि भोंगा कण्हतो. का ते कळलं का?” त्यांनी पोरांकडे वळून विचारलं. “घरी हातपंप आहे ना? पाणी कसं येतं?”

“भक, भक, भक,” श्रावण म्हणाला.

“वीजही इथवर तशीच येते, भकभक करत. ती तशीच पुढं गेली तर भोंगा भकभकीलाच आवाज देतो. म्हणून मधे हौद लागतो. पंप भकभक भरो, हौदाच्या तोटीतून धार एकसारखी पडते. कंडेन्सर म्हणजे तो हौद.”

“अन् तारेचा पीळ सुटला का हौद गायब!” श्रावण ओरडला.

“शाबास! वीज गेल्यावर गाणं दोन श्वास चाललं, ते आतल्या दुसऱ्या छोट्या हौदांवर. आता नुसता हौद बदलला तर पुढच्या वैशाखात परत याल. आपण दोन हौद बांधू, आणि मधे चोक.” त्यांनी अडगळीतून तारेच्या वेटोळ्यांचा एक जड लोखंडी ठोकळा काढला. “हा धक्का सहनच करत नाही. वीज उसळली की हा म्हणतो, सबूर!”

मग काम सुरू झालं. दोन नवे कंडेन्सर, त्यांचे उलटसुलट पाय तीनतीनदा तपासून, मधे चोक. भगवंतराव जागा दाखवत, शकुन डाग देई. कथिलाचा थेंब चांदीसारखा चमकून बसला की पंचफुला मोजे, “एक. दोन. तीन.” देवमनलाही त्यांनी सोडलं नाही. शेवटचा डाग त्यालाच द्यायला लावला, आणि पिळून बांधतो का म्हणून सगळे त्याच्यावर डोळे रोखून बसले.

डबा चालू झाला. सगळ्यांनी श्वास रोखले.

“हूंऽ…”

बारीक होतं, पण होतं! आणि आता तर तापायचीसुद्धा वाट न पाहता! श्रावणचे डोळे भरून आले. “बाबाच हाये,” तो म्हणाला. “त्याले जायचंच नाई.”

भगवंतरावही डोकं खाजवू लागले. डाग तपासले, ठीक. कंडेन्सर, ठीक. पाचची शेवटची एस.टी. होती आणि घड्याळात चार वाजून गेले होते. शकुन डब्याकडे नुसती पाहत राहिली. विजेचा दाब बदलणारा मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याला अगदी पाठ चिकटून नवा चोक. वर्गात दोन बडबड्या पोरी एका बाकावर बसल्या की काय होतं?

“भगवंतकाका, चोक ट्रान्सफॉर्मरला खेटून आहे. त्याची भकभक याला लागत असेल का, न शिवताच?”

भगवंतरावांनी वीज बंद केली, बल्बनं दोन्ही हौद रिकामे केले आणि चोकचे स्क्रू काढून तो लांब तारेवर मोकळा केला. डबा परत चालू करून लाकडी पट्टीनं त्यांनी चोक हळूहळू दूर ढकलला, आणि ढकलता ढकलता आडवा फिरवला.

हूंऽ बारीक झालं. आणखी बारीक झालं. चोक काटकोनात आला, आणि मग काहीच नाही. टेबलावरच्या भोंग्यातून इतकी शांतता आली, की बाहेरच्या टांग्याच्या घोड्याची टाप ऐकू आली.

“बावीस वर्षं झाली मले या धंद्यात,” भगवंतराव स्क्रू आवळत म्हणाले. “अन् आज ही पोट्टी मले चोक फिरवायला सांगते!” आणि त्यांनी शकुनच्या पाठीवर अशी थाप दिली की ती टेबलावर आपटता आपटता राहिली.

पौर्णिमेचा चंद्र पूर्णेवर आला. विहारापुढं मुंगीलाही जागा नव्हती. पांढऱ्या कपड्यांत दहा गावचे लोक बसले होते. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या जळत होत्या. स्टुलावर डबा उघडा बसला होता, आणि त्याच्या पहाऱ्याला देवमन, हातात विंझणा घेऊन.

लोटा मात्र अजून लिंबाखालीच होता. रोज पहाटे चतुराबाई पाणी बदलत होती. शकुननं तिला सगळं सांगितलं होतं, हातपंप, हौद, चोक. तिनं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाली होती, “तेरावं गानं येऊ दे.”

वंदना झाली. भाषणं झाली. गाणी झाली. पंचफुलाचे चिंचोके रांगेत वाढत होते. बारा झाले. आजूबाजूच्या बोलण्याचा गलका आपोआप मावळला. गावच्या प्रत्येकाची नजर लिंबाकडे होती. श्रावणच्या हातात बाबाचं तुणतुणं होतं. भोंग्याचं काळं तोंड चांदण्यात तसंच वासलेलं. आता कण्हतो की मग…

चतुराबाई उठली. पण ती माईककडे गेली नाही. लिंबाखाली गेली, आणि वर पाहत उभी राहिली. एक श्वास. दोन. दहा. भोंगा गप्प होता.

“निजले वाट्टे,” ती पुटपुटली.

“मोठीमाय, तो कंडेन्सर…” शकुन जवळ जाऊन हळूच म्हणाली.

“समजलं व बाई, कंडेन्सरच होता.” चतुराबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “पन निजले ना आता.”

मग तिनं वाकून तो पितळी लोटा उचलला, आणि उभ्या उभ्या सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. तोंड पुसून ती माईकपुढं गेली. मागं श्रावणनं तार छेडली.

ते गाणं कसं झालं, ते मला विचारू नका. एवढंच सांगतो, की पलीकडच्या काठावर मासे धरणारे जाळं सोडून बसून राहिले होते. भोंग्यातून फक्त तिचा आवाज येत होता. त्याला ना काजळी, ना कण्हणं. शकुन रडत होती आणि आपण रडतोय हे तिला ठाऊकच नव्हतं.

गाणं संपलं तसे देवीदासजी माईकपुढं आले. आज त्यांना बोलणं जड जात होतं.

“चतुराबाई, माफ करजो. भूत नाई असं मी तोंडानं म्हनत होतो, अन् दोष तुमच्या गळ्याले देत होतो. वस्तीचं नाक राखलं ते या तीन लेकरांईनं! अन् भूत…” ते खाकरले. “भूत मीच पांघरून ठेवलं होतं!”

हशा उसळला. देवीदासजींनी ती लाल-हिरवी गोधडी आणवली, नीट घडी घातली आणि शकुनच्या हातात दिली. “हे तुले बक्षीस. जिथं वाटन तिथं टाक, पन मशीनवर नोको!”

शकुननं गोधडी लिंबाखाली अंथरली. चतुराबाई त्यावर टेकली, तिच्या एका बाजूला श्रावण, दुसऱ्या बाजूला शकुन. पंचफुला आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, आणि तेरावा चिंचोका मुठीत धरून भोंग्याखालीच गाढ झोपी गेली.